अँटिऑक्सिडंटच्या डबीआधी तपासणी नीट होऊ द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. मूल होत नाही म्हणून नवऱ्याची वीर्य तपासणी होते, रिपोर्टात एखादा आकडा ठळक छापून येतो आणि दुसऱ्या दिवसापासून अँटिऑक्सिडंटची, म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या घटकांची, गोळी सुरू होते. हे आता सर्रास झाले आहे. डबीत जस्त, सेलेनियम, सी आणि ई जीवनसत्त्व, फॉलिक अ‍ॅसिड, एल-कार्निटिन, लायकोपिन, कोएन्झाइम क्यू-10 असे सगळे एकत्र असते. सोबत सल्ला असतो, ‘तीन महिने घ्या, काउंट (शुक्राणूंची संख्या) वाढेल.’

या गोळीमागचा तर्क चुकीचा नाही. शुक्राणूच्या आवरणात असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात आणि पेशीद्रव जवळजवळ नसतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंपासून स्वतःला वाचवणारी विकरे (एन्झाइम्स) त्याच्याकडे कमी असतात. हे रेणू वाढले की हालचाल मंदावते, डीएनए तुटतो. पण शुक्राणू पक्व होण्यासाठी आणि बीजांडाचे कवच भेदण्यासाठी हेच रेणू थोड्या प्रमाणात लागतात. ते सरसकट पुसून टाकणे म्हणजे सुधारणा नव्हे. शिवाय कोणत्या पुरुषात ते खरोखर वाढले आहेत, हे नेहमीच्या तपासणीत मोजलेच जात नाही.

तर्क बरोबर असला तरी शेवटी मोजायचे ते मूल झाले की नाही. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. पुरुषांना सहा महिने रोज 5 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि 30 मिलिग्रॅम जस्त दिले होते. मूल झाले गोळीच्या गटात 34 टक्के जोडप्यांना, नुसत्या दिखाऊ, औषध नसलेल्या गोळीच्या गटात 35 टक्के. डीएनए तुटण्याचे प्रमाण खऱ्या गोळीच्या गटात किंचित जास्तच निघाले आणि पोटाच्या तक्रारीही. त्यातले सगळे पुरुष सदोष वीर्याचे नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘मोक्सी’ चाचणीत रिपोर्ट बिघडलेलेच पुरुष निवडले होते आणि गोळीत अनेक घटक होते. तीन महिन्यांनी संख्या, हालचाल, डीएनए यांपैकी कशातही सुधारणा झाली नाही. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात 90 अभ्यास एकत्र केल्यावर फायदा दिसतो, पण सदोष पद्धतीचे अभ्यास वगळले की मूल होण्यातला फायदा ठामपणे सांगता येत नाही.

मग ‘गोळीने माझा काउंट दुप्पट झाला’ असे सांगणारे रिपोर्ट येतात कुठून? ते खोटे नसतात. एकाच पुरुषाच्या दोन नमुन्यांत काहीही न करता दुपटीचा फरक पडू शकतो. तपासणीनंतर गोळी घेतो तो ज्याचा आकडा त्या दिवशी खाली होता तो. पुढच्या वेळी आकडा आपसूक वर सरकण्याचीच शक्यता जास्त. त्यात संयमाचे, म्हणजे नमुन्याआधी वीर्यपतन न झालेले, दिवस बदलतात. पहिला नमुना दोन दिवसांच्या संयमानंतर आणि दुसरा सहा दिवसांनंतर दिला, तर संख्या त्यानेच वाढते. आणखी एक गोष्ट सूक्ष्मदर्शकाखालची. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार नमुन्याचे दोन भाग घेऊन प्रत्येकी किमान 200 शुक्राणू मोजावे लागतात. 400 मोजले तर मोजणीतली चूक 5 टक्क्यांच्या आसपास राहते. घाईत 25 मोजून गुणाकार केला तर ती 20 टक्क्यांवर जाते. असा रिपोर्ट हातात घेऊन गोळीला श्रेय देणे कठीण आहे.

म्हणून नमुना नीट द्यावा. संयम 2 ते 7 दिवसांचा आणि दोन्ही वेळी सारखाच. साबण, तेल, थुंकी, साधा निरोध, काहीही वापरायचे नाही. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वात जास्त असतात. तेच सांडले तर संख्या खोटी येते, म्हणून सांडले असल्यास लॅबला स्पष्ट सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही. घरून आणायचा असेल तर नमुन्याची डबी अंगाजवळ उबेत ठेवून तासाभराच्या आत पोहोचवावी. मागच्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही कळवावे. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण अडीच महिने लागतात, तेव्हाचा ताप आजच्या रिपोर्टात दिसतो.

आकडे वाचतानाही घोळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या 2021 च्या आवृत्तीप्रमाणे खालची मर्यादा अशी: वीर्याचे प्रमाण 1.4 मिली, संख्या मिलीला 1 कोटी 60 लाख, पुढे सरकणारे 30 टक्के, योग्य आकाराचे 4 टक्के. हो, चारच. ‘96 टक्के सदोष’ वाचून घाबरलेला माणूस बहुधा निरोगी असतो. उलट शुक्राणू अजिबात नसतील तर वाहिनी बंद आहे की वृषणात निर्मितीच होत नाही, हे आधी ठरवावे लागते. त्याला डबीतले काहीही उत्तर नाही.

तरीही गोळी घ्यायचीच असेल तर लेबलवर मूलद्रव्याचे वजन बघावे, क्षाराचे नव्हे. झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष जस्त 22.5 मिलिग्रॅम. बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलमध्ये तेवढे, ‘फर्टिलिटी’च्या गोळीत तेवढेच आणि वर प्रोटीन पावडर, असे झाले की रोजची 40 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा सहज ओलांडली जाते. हे महिनोन्‌महिने चालले तर शरीरातले तांबे कमी होते, रक्तक्षय होतो. सेलेनियम मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. फार झाले तर केस गळतात, नखे ठिसूळ होतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी ई जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आमची खरी तक्रार मात्र वाया जाणाऱ्या वेळेची आहे. एक डबी संपते, मग दुसरी, आणि वर्ष निघून जाते. तोवर कोणीही त्या पुरुषाला उभे करून, खोकायला लावून तपासलेले नसते. मूल न होणाऱ्या पुरुषांत तिघांतल्या एकाला तरी वृषणावर फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील सापडते. हाताला लागणारे असेल आणि रिपोर्टही बिघडलेला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. जिममध्ये ‘कोर्स’ म्हणून घेतलेले टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन मेंदूकडून वृषणाला येणारे संदेशच थांबवते. विचारल्याशिवाय कोणी ते सांगत नाही आणि बंद केल्यावरही निर्मिती पूर्ववत व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. तंबाखू, फौंड्रीतली किंवा बेकरीच्या भट्टीपुढची नोकरी, चालू औषधे, हे सगळे पहिल्याच भेटीत विचारायचे असते. पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहा महिने प्रयत्न करून, एरवी वर्षभराने, दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हावी. तिच्या वयाला डबी थांबवत नाही.

कायद्याने ही उत्पादने बहुधा अन्न म्हणून विकली जातात, औषध म्हणून नव्हे. त्यांच्या पाकिटावर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ (औषधी वापरासाठी नाही) असे लिहावे लागते. त्याच उत्पादनाच्या जाहिरातीत मात्र काउंट वाढवण्याचा दावा ठसठशीत असतो. आपल्या वृत्तपत्रात अशी जाहिरात घेताना पाकिटावरची ती ओळ मराठीत आणि दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापण्याची अट जाहिरातदाराला घालावी, ही विनंती.

आपले,
पुरुष वंध्यत्वावर उपचार करणारे डॉक्टर व प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे