पुडीबरोबर पाण्याचे मापही सांगा

संपादक महोदय,

पावसाचे गढूळ पाणी सुरू झाले की जुलाब-उलट्या वाढतात आणि जलसंजीवनीच्या (ओआरएस) पुड्या घरोघरी पोचतात. पुडी किती पाण्यात घालायची, हे मात्र देताना क्वचितच सांगितले जाते. घोटाळा होतो तो तिथेच.

पुड्या मुख्यतः दोन मापांच्या मिळतात. मोठी, वीस-एकवीस ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी. छोटी, चारेक ग्रॅमची, २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात ढवळली, तर मिठातले सोडियम लिटरमागे ७५ मिलिमोल (मोजण्याचे एकक) हवे ते ३७५वर जाते. रक्तात ते १३५ ते १४५ असते. आधीच कोरड्या पडलेल्या बाळाला असे पाणी पाजल्यास रक्तातले सोडियम चढून झटकेही येऊ शकतात. ‘अर्धी आत्ता, अर्धी संध्याकाळी’ हाही हिशेब चुकतो. मीठ आणि ग्लुकोज दोन्ही अर्ध्यांत सारखे येतीलच असे नाही, शिवाय उघडी पुडी दमट हवेत ओलावते.

लिटर मोजायचा कसा? स्टीलचा पेला प्रत्येक घरात वेगळा. त्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या दोन दुधाच्या पिशव्या पातेल्यात ओताव्यात आणि दूध जिथवर येते तिथे बाहेरून खूण करून ठेवावी. विकतची लिटरची बाटली असेल तर ती भांड्यात पूर्ण रिकामी करून पुडी ढवळावी. भरल्या बाटलीत पुडीला जागा नसते, म्हणून लोक आधी पाणी पितात. घोटभराने बिघडत नाही, पण पुष्कळांना पुडी आठवते ती अर्धी बाटली संपल्यावर.

पाणी उकळून गार केलेले घ्यावे. जानेवारी २०२५मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, दूषित पाण्याशी जोडला गेलेला नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा अनेक घरांनी पाणी उकळायला सुरुवात केली, ती सवय इथे कामाची. तयार द्रावण मात्र उकळू नये, आटून दाट होते. २४ तासांनी उरलेले ओतून द्यावे.

वरून साखर किंवा सरबत घालू नये. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शिरतात, पाणी त्यांच्यामागून जाते. साखर फार झाली की उलट पाणीच आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणून तर २००२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने द्रावणाची तीव्रता लिटरमागे ३११ मिलिऑस्मोलवरून (विरघळलेल्या मीठ-साखरेचे एकूण माप) २४५वर आणली. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ शब्द काढायला लावला, हे उशिरा का होईना, योग्यच झाले. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी कमी. ते पुडीची जागा घेत नाही.

दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २००. चमच्याने, हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. अंगावरचे दूध थांबवू नये, पेज-खिचडी चालू ठेवावी. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक: सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले म्हणून पालक ते चौथ्या दिवशी बंद करतात, तसे करू नये. बाळ मलूल झाले, पिईना, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर पुडीवर विसंबून घरी बसू नये.

औषध दुकानदारांना एकच विनंती आहे. पुडी देताना मार्करने तिच्यावर ठळक ‘१ लिटर’ किंवा ‘२०० मिली’ लिहावे. छापलेली अक्षरे बारीक आणि बहुधा इंग्रजीत असतात. पालख्या पुण्यात मुक्कामी असताना पुड्या वाटणाऱ्या मंडळांनीही हे करावे. वारकऱ्याच्या हातातली बाटली अर्ध्या लिटरची असेल, तर त्याला लिटरची पुडी देऊ नये. २०० मिलिलिटरची द्यावी आणि बाटलीवर तेवढ्या मापाची रेघ मारून द्यावी.

— एक बालरोगतज्ज्ञ, पुणे