सूचना : रविवारी सहकुटुंब केळकर संग्रहालय

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या दारात जमायचे आहे. दिनकर ऊर्फ काका केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत ते उभारले. २० हजारांवर वस्तू, त्यातल्या कितीतरी रोजच्या वापरातल्या: दिवे, अडकित्ते, फण्या, पाय घासायच्या वज्र्या. बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीचा महाल तिथे आत पुन्हा उभारला आहे, तो मुलांना दाखवाच.

• नावे शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, आजी-आजोबांसकट.
• तिकीट ज्याचे त्याने काढावे.
• बसने या. गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाईल.
• संध्याकाळी सहाला सोसायटीच्या हॉलमध्ये घरातली एखादी जुनी वस्तू आणा: पानाचा डबा, समई, रुखवतातले विणकाम काहीही. पितळ घासून चकचकीत करू नका, आहे तसेच छान दिसते.