बोलणे ऐकले नाही, तरी ती पाळतच

महोदय,

सरकारी पाळतीचा विषय निघाला की ‘कर नाही त्याला डर कशाला’ हे उत्तर ठरलेले असते आणि सोबतीला खुलासाही असतो, की बोलणे कोणी ऐकत नाही, कोणी कोणाला कधी फोन केला याची फक्त नोंद ठेवली जाते. हा खुलासा दिशाभूल करणारा आहे. एखाद्याने मध्यरात्री आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनला, सकाळी मानसोपचारतज्ज्ञाला आणि दुपारी वकिलाला फोन केला असेल, तर त्यातले एक वाक्यही न ऐकता त्याच्या घरात काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो. शिवाय बोलणे ऐकायला माणसे बसवावी लागतात; नोंदी मात्र संगणक लाखोंनी चाळतो.

अमेरिकेत नेमके हेच चालले होते. एका बड्या दूरसंचार कंपनीने ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी दररोज सरकारला द्याव्यात, हा आदेश जून २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेले एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून जगासमोर आला. तो न्यायालयाचाच आदेश होता. पण त्या गुप्त न्यायालयात बाजू मांडणारे फक्त सरकार होते! पुढे जानेवारी २०१४ मध्ये तिथल्याच स्वतंत्र देखरेख मंडळाने असा निष्कर्ष काढला, की या योजनेमुळे दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात ठोस फरक पडल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने, सरसकट सर्वांच्या नोंदी सहा महिने ते दोन वर्षे साठवायला लावणारा संघाचाच निर्देश रद्द ठरवला.

मुळात ‘कर नाही’ अशा माणसालाही डर असतेच. खात्यातला गैरव्यवहार पत्रकाराच्या कानावर घालू पाहणारा कर्मचारी गुन्हेगार नसतो, तरीही नोंद राहणार म्हटल्यावर तो फोन करत नाही, आणि न झालेला फोन कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

संशयितावर पाळत ठेवायला कोणाचीच हरकत नसावी. मात्र त्यासाठी स्वतंत्र न्यायाधीशाची पूर्वपरवानगी, ठरावीक व्यक्ती आणि ठरावीक मुदत हवी. तपास संपल्यावर, त्याला बाध येत नसेल तेव्हा, संबंधिताला तसे कळवण्याची सक्तीही कायद्यात असावी. कारण आपल्यावर पाळत होती हेच ज्याला ठाऊक नाही, तो न्यायालयात दाद मागणार तरी कशी?

आपला,
एक नियमित वाचक