कोड नुसता भरू नका, जरा वाचा पण

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात ऑनलाईन फसवणुकीच्या बातम्या रोज वाचतो, ओटीपी कुणाला देऊ नका, लिंकवर क्लिक करू नका हे सगळं आता पाठ झालंय. पण आयएफएससी कोडबद्दल (खात्यात पैसे पाठवताना बँक आणि ब्रँच कुठली ते सांगणारा कोड) कुणी दोन ओळी लिहिलेल्या माझ्या तरी वाचनात नाहीत. मी गेली सात वर्षं आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे (कुणी दुसरं उभंच राहत नाही म्हणून), लिफ्टवाला, सिक्युरिटी, टँकर, रंगकाम अशी महिन्याला दहा-बारा पेमेंट्स माझ्या हातून जातात, त्यामुळे या अकरा अक्षरांशी माझं जरा जास्तच जुळलंय.

लोक काय करतात, तर समोरच्याने व्हॉट्सॲपवर जे पाठवलं ते कॉपी करतात, पेस्ट करतात आणि मोकळे होतात. तो कोड काय सांगतोय हे बघत कुणी नाही. खरं तर त्यात सगळं लिहिलेलं असतं. पहिली चार अक्षरं बँकेची, म्हणजे स्टेट बँक असेल तर एसबीआयएन, बँक ऑफ महाराष्ट्र असेल तर एमएएचबी, पाचवं नेहमी शून्य, आणि शेवटची सहा त्या ब्रँचची. हे पाचवं शून्य आहे, इंग्रजी ओ नाही, यावर मी आमच्या कमिटीत निदान पाच वेळा बोललोय तरी परवा सेक्रेटरींनी ओ टाकला आणि "बँकेचं ॲप बिघडलंय" म्हणून मला रात्री दहाला फोन केला. चेकवर खाली जो नऊ आकडी नंबर असतो तो एमआयसीआर, तो वेगळा, त्यात पहिले तीन आकडे शहराचे, मग तीन बँकेचे, मग तीन ब्रँचचे, तो चेक क्लिअरिंगसाठी असतो. तोसुद्धा लोक आयएफएससीच्या रकान्यात भरतात.

आता माझ्यावर आलेली गोष्ट सांगतो. २०२१ साली लिफ्टवाल्याचे अडतीस हजार पाचशे द्यायचे होते, त्याचं खातं ॲपमध्ये आधीपासून सेव्ह होतं म्हणून मी डोळे झाकून पाठवले, संध्याकाळी बघतो तर पैसे परत. परत पाठवले, परत आले. तो म्हणतो काका तुम्ही टोलवताय, मी म्हणतो अरे बाबा मी पाठवलेत, बँकेत गेलो तर काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता "डिटेल्स चुकलेत" एवढंच सांगितलं, कुठला डिटेल ते काही सांगेना. घरी येऊन मीच शोधलं तेव्हा कळलं की त्याची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली आणि जुना कोड बंद झालेला, त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता कारण एसएमएस जुन्या मोबाईल नंबरवर जात होते.

तो काळच तसा होता म्हणा. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, त्यानंतर १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. जुने कोड लगेच बंद केले नाहीत, काही काळ चालू ठेवले, देना-विजयाचे मार्च २०२१ पासून बंद झाले, सिंडिकेटचे जुलै २०२१ पासून. म्हणजे लोकांना वाटलं सगळं चालतंय आणि एक दिवस अचानक बंद. अजूनही कितीतरी घरांत जुनं पासबुक, जुनं चेकबुक कपाटात आहे आणि त्याचाच फोटो काढून पुढे पाठवला जातो. फॉर्म भरताना तर हमखास.

पैसे परत येणं हा तसा बरा प्रकार, त्रास होतो पण पैसे जात नाहीत. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गटागटाने (बॅचने) पैसे पाठवायची पद्धत, तिचा नियमच आहे की ज्या बॅचमध्ये व्यवहार गेला ती सेटल झाल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेने एकतर खात्यात जमा करायचे नाहीतर परत पाठवायचे, उशीर केला तर रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) अधिक दोन टक्क्यांनी व्याज द्यायचं. खरी भीती वेगळीच आहे. आपण नाव भरतो ना, ते पैसे जमा करताना जुळवलं जाईलच असं नाही! २०१० मध्येच रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय की जमा करायला खातेनंबर पुरेसा धरला जाईल, नंबर बरोबर भरायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. म्हणजे तुम्ही नाव गणपत लिहा नाहीतर आणखी काही, नंबर कुणाच्या तरी चालू खात्याचा निघाला की पैसे तिकडे. मग तो माणूस हो म्हणेल तेव्हा परत.

आणि कोडमधली ब्रँच चुकली पण बँक तीच असली तर पुष्कळदा पैसे बरोबर पोचतात, कारण कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे सगळ्या ब्रँच एकाच कॉम्प्युटर यंत्रणेवर असल्यामुळे, खातेनंबर अख्ख्या बँकेत एकच असतो. यामुळेच लोकांना वाटतं की कोडला काही अर्थ नाही. मला नेमकं उलट वाटतं. खातेनंबर हा नुसता आकड्यांचा ढीग, बघून काही कळत नाही, पण कोड बँक आणि ब्रँच बोलून दाखवतो, म्हणजे पाठवायच्या आधी आपल्याला काही तपासता येत असेल तर ते यातच.

गेल्या वर्षी याच कोडने आम्हाला वाचवलं. वॉटरप्रूफिंगवाल्याच्या ईमेलवरून मेल आला, लेटरहेड तेच, सही तीच, "ऑडिटमुळे आमचं खातं बदललं आहे, बाकी रक्कम खालील खात्यात पाठवा". रक्कम एक लाख ऐंशी हजार. मी सवयीने कोड बघितला तर पहिली चार अक्षरं वेगळ्याच बँकेची, एवढं चालतं म्हटलं, लोक बँक बदलतात, पण ब्रँच शोधली तर ती दुसऱ्याच राज्यातल्या कुठल्याशा गावातली निघाली जिथे या माणसाचं काही कामच नाही. मेलमधल्या नंबरवर नाही, माझ्या फोनमध्ये आधीपासून होता त्या नंबरवर फोन लावला, तर तो म्हणाला मी कुठलाच मेल पाठवला नाही. त्याचा ईमेल कुणीतरी हॅक केला होता. त्याला लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार करायला सांगितलं. खातेनंबर बघून मला हे सात जन्मात कळलं नसतं.

एक गोंधळ मात्र होतो तो सांगायला हवा. आमच्या माळीबुवांचं खातं एका छोट्या सहकारी बँकेत आहे आणि त्यांचा कोड शोधला तर सुरुवात एका मोठ्या खाजगी बँकेच्या अक्षरांनी होते. आधी मी घाबरलो. पण काही छोट्या सहकारी बँका स्वतः थेट या यंत्रणेत नसतात, मोठ्या बँकेच्या आधाराने व्यवहार करतात आणि कोडही तिचाच वापरतात, त्यात वावगं काही नाही. तेव्हा अक्षरं जुळली नाहीत म्हणून लगेच चोर म्हणू नये, त्याच्या पासबुकाचं पहिलं पान बघावं.

कोड शोधायचा तो रिझर्व्ह बँकेच्या साईटवर किंवा बँकेच्या स्वतःच्या साईटवर. गुगलवर टाकलं की पन्नास साईट्स येतात, त्यातल्या कितीतरी जुन्या याद्या तशाच ठेवून बसल्यात आणि काही तर बँकेचा "कस्टमर केअर" म्हणून भलताच नंबर देतात. बँकांना आता डॉट बँक डॉट इन असा पत्ता घ्यायला लावलाय, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती, तर शेवट तोच आहे का ते बघायचं. आणि हो, कोड आणि खातेनंबर दुसऱ्याला दिला म्हणून कुणी पैसे काढू शकत नाही, तो प्रत्येक चेकवर छापलेलाच असतो, आमच्या इथले एक आजोबा तो ओटीपीसारखा लपवतात आणि मग भाडं रोख मागतात.

आता बँकांबद्दल. ३० डिसेंबर २०२४ ला रिझर्व्ह बँकेने सांगितलं की आरटीजीएस (मोठी रक्कम बॅचची वाट न बघता पाठवायची पद्धत) आणि एनईएफटीसाठी सुद्धा पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दिसलं पाहिजे, १ एप्रिल २०२५ पर्यंत ही सोय द्या आणि ग्राहकाकडून पैसे घेऊ नका. उत्तम काम. पण आमच्या सोसायटीचं खातं ज्या बँकेत आहे तिच्या ॲपमध्ये ते बटण इतक्या बारीक अक्षरात आहे की मला नातवाने दाखवलं, आणि ब्रँचचं नाव तर कोड भरल्यावर क्षणभर दिसतं आणि शेवटच्या कन्फर्म स्क्रीनवरून गायब! तिथेच मोठ्या अक्षरात नाव, बँक, ब्रँच, गाव एवढं दाखवायला काय लागतं? मुंबईतल्या माणसाला पैसे पाठवतोय आणि स्क्रीनवर भलतंच गाव दिसलं तर कुणीही थांबेल. विलीन झालेल्या बँकांनी पासबुक छापायला आलेल्या माणसाच्या पहिल्या पानावर नवीन कोडचा स्टिकर लावावा, हे पण फार अवघड नाही.

कुणी म्हणेल आता यूपीआय आहे, कशाला कोड हवा. पण साधारणपणे एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने दिवसाला एक लाखापर्यंतच पाठवता येतात, आणि आमच्यासारखी दोन सह्यांची खाती, घराचं टोकन, कॉलेजची मोठी फी हे अजून बऱ्याचदा एनईएफटी-आरटीजीएसनेच जातं. दोन लाखांपासून वर आरटीजीएस. पूर्वी बँकेच्या वेळेत पाठवावं लागायचं तेव्हा मध्ये विचार करायला रात्र तरी मिळायची, आता डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, रविवारी पहाटे सुद्धा चूक करता येते.

म्हणून मी नवीन माणूस आला की आधी आयएमपीएसने (यात पैसे लगेच पोचतात) एक रुपया पाठवतो, त्याला मिळाला का विचारतो, मग बाकीचे. मागच्या आठवड्यात रंगकामवाल्याला असाच एक रुपया पाठवला तर मी विचारायच्या आत त्याचाच फोन, "काका, एवढंच ठरलं होतं का आपलं?"

आपला,
एक नियमित वाचक आणि नाइलाजाने खजिनदार