शनिवारच्या थंडीतल्या सामन्याविषयी

कॅन्सस सिटी, मिसुरी
गुरुवार, ११ जानेवारी २०२४

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारले, "एवढ्या थंडीत मैदानात जाऊन बसायची काय गरज आहे?" आणि लगेच मागून बाबांचा प्रश्न आला, "पण जिंकणार कोण?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे घाईघाईत द्यावीत असे मला वाटले नाही, कारण गेले चार दिवस आमच्या कार्यालयात, शेजारी, किराणा दुकानाच्या रांगेत, जिथे जावे तिथे नेमके याच दोन प्रश्नांवर वाद चालू आहेत. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता इथल्या ॲरोहेड मैदानावर आमचे चीफ्स आणि मायामीचे डॉल्फिन्स यांच्यात अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधला बाद फेरीचा सामना आहे. साखळीतले सतरा सामने खेळून दोन्ही संघांनी प्रत्येकी अकरा जिंकले आणि सहा गमावले. आता मात्र जो हरेल त्याचा हंगाम त्याच रात्री संपेल. हवामान खात्याच्या अंदाजानुसार सामना सुरू होताना तापमान शून्य फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे उणे १८ अंश सेल्सियस असेल आणि वारा धरला तर अंगाला ते उणे तीसच्याही खाली जाणवेल. आई, तुला कल्पना यावी म्हणून सांगते: घरच्या फ्रिजमध्ये बर्फाचा जो वरचा कप्पा असतो, तो साधारण उणे १८ अंशांवर चालतो. त्या कप्प्यात वारा सोडला आणि त्यात सत्तर हजार माणसे तीन तास बसवली, तर ॲरोहेडचे शनिवारचे चित्र डोळ्यांसमोर येईल.

आमच्याकडचे बहुतेक लोक या अंदाजाने आनंदले आहेत. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी सोमवारपासून म्हणतो आहे की सामना जिंकल्यातच जमा आहे. मायामीचा संघ उन्हातला, वेगावर जगणारा. सप्टेंबरमध्ये याच संघाने स्वतःच्या मैदानावर डेन्व्हरविरुद्ध एका सामन्यात ७० गुण केले होते आणि या हंगामात सरासरीने सर्वांत जास्त यार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेलेले अंतर, त्यांच्याच आक्रमणाने कमावले. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, टुआ टागोवायलोआ हवाईत जन्मला आणि वाढला. समुद्राकाठच्या या मुलाला बर्फगार चेंडू हातात धरता येणार नाही, असे सहकाऱ्याचे म्हणणे आहे. त्यावर मी त्याला एवढेच विचारले की आपला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स तरी कुठला? तो टेक्सासचा. त्याच्याही लहानपणी अंगणात बर्फ साचत नव्हता.

बाबा, तुम्ही मला बोटाला धरून आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहायला नेत होतात, तेव्हापासून मी एक गोष्ट पाहत आले आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी पाटाकडील तालमीचा माणूस असो की दिलबहारचा, ऊन, धूळ, वारा हे सगळे आपल्याच बाजूने आहे असे तो मनापासून मानतो. इथेही तेच चालले आहे. फक्त इथल्या लोकांना स्वतःच्याच मैदानाचा इतिहास विसरायला होतो, याचे मला वाईट वाटते.

जानेवारी १९९६ मध्ये चीफ्सने साखळीत तेरा सामने जिंकले होते आणि समोर इंडियानापोलिसचा संघ होता, ज्याचे घरचे मैदान छताखाली होते. तापमान उणे १२ अंशांच्या आसपास होते. म्हणजे थंडी पूर्ण आमच्या बाजूने असायला हवी होती. आमच्या किकरच्या, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारणाऱ्या खेळाडूच्या, तीन किक चुकल्या आणि सामना १०-७ असा हातातून गेला. इथली पन्नाशीची माणसे आजही त्या दिवसाविषयी हळू आवाजात बोलतात. दुसरा सामना मी स्वतः पाहिलेला आहे. १८ डिसेंबर २०१६ रोजी टेनेसीचे टायटन्स आले होते आणि सुरुवातीला तापमान उणे १७ होते. शेवटच्या क्षणी त्यांच्या किकरने ५३ यार्डांवरून चेंडू मारला, तो कमी पडला, आणि आम्ही उड्या मारू लागलो. पण त्याच्या आधीच आमचे प्रशिक्षक अँडी रीड यांनी टाइम-आउट मागितला होता, म्हणजे खेळ थांबवला होता, त्यामुळे ती किक धरलीच गेली नाही. दुसऱ्या प्रयत्नात तोच चेंडू खांबांमधून गेला आणि आम्ही १९-१७ असे हरलो. तो किकर पूर्वी आमच्याच संघात होता. त्या रात्री गाडीपर्यंत चालत जाताना पायाची बोटे आहेत की नाहीत हेच मला कळत नव्हते, आणि सगळा वाहनतळ अगदी निःशब्द होता.

तेव्हा थंडी कोणाची बाजू घेते, असे विचारण्यापेक्षा ती नेमके काय करते, हे पाहावे असे मला वाटते. बाबा, थंडीच्या सकाळी सायकलच्या चाकात हवा कमी झाल्यासारखी वाटते, तोच प्रकार इथे फार मोठ्या प्रमाणावर होतो. नियमाप्रमाणे चेंडूत साडेबारा ते साडेतेरा पौंड दाब असावा लागतो. उबदार खोलीत तेरा पौंड भरलेला चेंडू उणे वीस अंशांत पूर्ण गार झाला, तर दाब साधारण नऊ पौंडांपर्यंत उतरेल. शिवाय कातडे कडक आणि गुळगुळीत होते आणि थंड हवा जास्त दाट असल्यामुळे चेंडूला अडथळाही जास्त होतो. अशा चेंडूला कितीही जोराने लाथ मारली तरी तो नेहमीइतका दूर जात नाही, आणि मारणाऱ्याच्या पायाला दगड लागल्यासारखे वाटते. झेलणाऱ्याच्या बोटांचे हाल तर विचारूच नका. मैदानाखाली उष्णता देण्याची सोय आहे, त्यामुळे हिरवळ खडकासारखी गोठणार नाही अशी आशा आहे; पण तशी सोय ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथेही होती. तरीही उणे २५ अंशांत ती जमीन गोठली, पंचांना शिट्ट्या वापरता आल्या नाहीत आणि तोंडाने ओरडून खेळ थांबवावा लागला. तिथल्या पॅकर्स संघाने तो सामना अखेरच्या काही सेकंदांत डॅलसविरुद्ध २१-१७ असा जिंकला. इथे थंडीचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी त्या सामन्याचे नाव काढतेच.

हे सगळे दोन्ही संघांना सारखेच लागू आहे, आणि आमच्या संघाचीही एक दुखरी नस आहे. पास झेलणाऱ्या आमच्या रिसीव्हरांनी या हंगामात हातात आलेले पास इतक्या वेळा सोडले आहेत की गारठलेल्या बोटांनी ते सुधारतील असे मानायला मी तयार नाही. नाताळच्या दिवशी याच मैदानावर आम्ही रेडर्स संघाकडून २०-१४ असे हरलो, तेव्हा कारण थंडीचे नव्हते.

तरीही बाबा, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर "चीफ्स" असेच आहे. हे दोन संघ ५ नोव्हेंबरला जर्मनीत फ्रँकफर्ट येथे खेळले होते. तिथे ना ॲरोहेडचा गोंगाट होता, ना हा गारठा, आणि तरीही आमच्या बचाव फळीने त्या प्रचंड आक्रमणाला १४ गुणांवर रोखून सामना २१-१४ असा जिंकून दिला. संपूर्ण लीगमध्ये आमच्यापेक्षा कमी गुण फक्त एका संघाने दिले आहेत. मायामीच्या बचावातले कितीतरी मोहरे जखमी आहेत. शिवाय गेल्या रविवारी आमच्या महोम्सला विश्रांती मिळाली, तर त्यांना रात्री उशिरापर्यंत बफेलोच्या संघाशी पूर्ण ताकदीने झुंजावे लागले आणि ते हरले. सहा दिवसांत पुन्हा दुसऱ्या शहरात उभे राहायचे आहे. मला या गोष्टी तापमानापेक्षा मोठ्या वाटतात. सहकाऱ्याला हे पटत नाही; त्याला थंडीनेच जिंकायचे आहे. मी त्याला म्हटले की आपल्या अकरा जणांनी वर्षभर जे कमावले, त्याचे श्रेय तू वाऱ्याला का देतोस? त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमचे जवळजवळ भांडणच झाले.

यापेक्षाही कडू वाद टायरीक हिलवरून चालला आहे. हिल सहा हंगाम आमच्याकडे खेळला. फेब्रुवारी २०२० च्या अंतिम सामन्यात आम्ही दहा गुणांनी मागे असताना त्यानेच तो ४४ यार्डांचा पास झेलला, आणि पन्नास वर्षांनी करंडक या शहरात आला. २०२२ मध्ये त्याला मायामीला दिले गेले; या हंगामात पास झेलून १,७९९ यार्ड कमावून तो लीगमध्ये पहिला आहे. मायामीला गेल्यानंतर शनिवारी तो प्रथमच ॲरोहेडवर उतरेल. त्याची हुर्यो उडवायची की टाळ्या वाजवायच्या, यावर घराघरांत दोन तट आहेत. आपल्या गावात एका तालमीचा खेळाडू दुसऱ्या तालमीकडून खेळू लागला की पेठेत काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. पण एकदा अशाच एका खेळाडूने आपल्याविरुद्ध गोल केला तेव्हा तुम्ही उठून टाळी वाजवली होती आणि शेजारच्यांचे बोलणे ऐकून घेतले होते. मी तेव्हा लहान होते आणि मला तुमचा राग आला होता. शनिवारी तो मैदानात येईल तेव्हा मी टाळी वाजवणार आहे. त्यानंतरचे तीन तास मात्र त्याला एकही पास मिळू नये अशीच प्रार्थना करीन.

आता आई, तुझा प्रश्न. तो इथेही सर्वांत गंभीरपणे चर्चिला जातो आहे. वाऱ्यासह उणे तीस अंशांत उघड्या कातडीला हिमदंश व्हायला अर्धा तास पुरतो. सामना दुपारी ठेवला असता तर थोडे तरी सुसह्य झाले असते, पण वेळ प्रक्षेपणाच्या सोयीने ठरते. आमचे शहर आणि मायामी सोडले तर तो दूरदर्शन वाहिनीवरही दिसणार नाही. पीकॉक या इंटरनेट सेवेचे पैसे भरणाऱ्यांनाच दिसेल. बाद फेरीच्या सामन्याबाबत असे प्रथमच होते आहे. पुष्कळ लोक तिकिटे विकून टाकत आहेत आणि जे जाणार आहेत ते त्यांना लेचेपेचे म्हणत आहेत. हे मला अजिबात आवडलेले नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांचेच पाहा. १९७१ च्या नाताळला याच दोन संघांत झालेला सामना त्यांनी जुन्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये बसून पाहिला होता. ८२ मिनिटे ४० सेकंद चाललेला, लीगच्या इतिहासातला सर्वांत लांब सामना. मायामीने तो २७-२४ असा जिंकला. बावन्न वर्षे त्यांनी त्याची परतफेड व्हावी म्हणून वाट पाहिली आहे आणि या वेळी डॉक्टरांनी त्यांना घरीच थांबायला सांगितले आहे. काल फाटकाशी उभे राहून ते मला म्हणाले की थंडीची भीती वाटत नाही, पण आपली जागा रिकामी दिसेल याचे वाईट वाटते. त्या माणसाला कोण लेचापेचा म्हणेल?

त्यांची जागा रिकामी राहणार नाही. त्यांनी तिकीट मला दिले आहे आणि मी जाणार आहे. तुमचा नातू दोन दिवस हट्ट धरून बसला होता. त्याला मी नेणार नाही. काही सहकारी मुलांना घेऊन जाणार आहेत, त्यांचा निर्णय त्यांचा. पण अकरा वर्षांच्या मुलाला बोटे बधिर झाली तरी सामना सोडवत नाही आणि तो ते सांगतही नाही, हे मला ठाऊक आहे, कारण मी त्याच वयात तापाने फणफणत शाहू स्टेडियमवर शेवटपर्यंत बसले होते. तो आजोबांकडे जाऊन त्यांच्याबरोबर टीव्हीवर सामना पाहील, त्यामुळे दोघांनाही सोबत होईल. जावई त्यांच्या घरी जेवण पोहोचवणार आहेत.

माझी तयारी अशी आहे. अंगाला लागून सुती काहीच नाही, कारण घाम आला की सुती कपडा ओला होऊन गारठवतो. आत लोकर, तिच्यावर आणखी दोन थर आणि बाहेर वारा अडवणारा कोट. मोज्यांत आणि हातमोज्यांत उष्णतेच्या पुड्या. पायाखाली जाड पुठ्ठा, कारण खरी थंडी काँक्रीटमधून वर चढते. २०१६ मध्ये मी नेमकी तिथेच चुकले होते. गाडीपाशी शेगड्या पेटवून खाणेपिणे करण्याचा इथला जो रिवाज आहे, तो या वेळी आम्ही सोडून दिला आहे. प्रत्येक मध्यंतराला आतल्या उबदार मार्गिकेत जाऊन हातपाय तपासायचे आणि बोटे पांढरी पडलेली दिसली तर गुणफलक काहीही असो, निघायचे, असे माझ्याबरोबर येणाऱ्या मैत्रिणीशी ठरवले आहे. बाबा, तुम्ही पट्टणकोडोलीहून आणून दिलेली घोंगडी इतकी वर्षे कपाटातच होती. ती मी काल बाहेर काढून उन्हात टाकली. गुडघ्यांवर तीच घेणार आहे.

सामना सुरू होईल तेव्हा तुमच्याकडे रविवारची सकाळ, साडेसहा वाजलेले असतील. नातू तुम्हाला आजोबांच्या घरून व्हिडिओ कॉल लावणार आहे; पहिल्या काही मिनिटांत नियम समजले नाहीत तर त्याला विचारा, त्याला समजावून सांगायला फार आवडते. संपेपर्यंत साडेनऊ-दहा होतील. घरी पोहोचले की मी स्वतः फोन करीन, हरलो तरी करीन. आईने तोपर्यंत उपाशी बसू नये.

तुमची,
ताई