चित्रकादंबऱ्यांनाही वाचनालयात जागा हवी

माननीय संपादक, स. न. वि. वि.

अलीकडे मी मुलांच्या चित्रकादंबऱ्या (चित्रांच्या चौकटींतून गोष्ट सांगणाऱ्या कादंबऱ्या, म्हणजेच ग्राफिक नॉव्हेल) आणि समकालीन प्रेमकादंबऱ्या सलग वाचल्या. त्यांना ‘हलके वाचन’ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. चित्रकादंबरीत दोन चौकटींच्या मध्ये काय घडले हे वाचकालाच जुळवावे लागते. पात्राचा चेहरा एक सांगतो आणि तोंडचे वाक्य दुसरेच, ही विसंगती लहान मूलही अचूक टिपते, आणि हे पूर्ण अर्थाने वाचनच आहे. अमेरिकेत १९२२ पासून बालसाहित्याला दिले जाणारे न्यूबेरी पदक २०२० साली प्रथमच चित्रकादंबरीला मिळाले. आपल्याकडे अनंत पै यांची १९६७ साली सुरू झालेली अमर चित्र कथा घरोघर पोहोचली, पण आजच्या शाळकरी मुलाच्या जगण्यावरची मराठी चित्रकादंबरी मात्र शोधावी लागते.

प्रेमकादंबरीचा शेवट बहुधा सुखाचाच असतो, म्हणूनच दोन माणसे एकमेकांशी कशी बोलतात याकडे लक्ष राहते. तरुणांनी तेही जरूर वाचावे.

रंगीत छपाईमुळे चित्रकादंबऱ्या महाग पडतात, म्हणूनच त्या वाचनालयात मिळायला हव्यात. रत्नागिरीला १८२८ पासून वाचनालयाची परंपरा आहे. कोकणातील वाचनालयांनी पुढील ग्रंथखरेदीत बालविभागासाठी चित्रकादंबऱ्या आवर्जून घ्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी