चाळीतली एक खोली कापडात शिवून ठेवावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींच्या पुनर्विकासावरचा आपल्या रविवार पुरवणीतला मजकूर वाचला. वरळीच्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत जायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, तिच्याविरुद्ध माझं काहीच म्हणणं नाही. पण पाडल्या जाणाऱ्या खोल्यांची आठवण जपायची म्हणून आपण जे सुचवलंत, म्हणजे छायाचित्रं, नकाशे, मुलाखती, त्यात एक भर घालावीशी वाटते. माझं सगळं आयुष्य शिवणकाम शिकवण्यात गेलं, त्यामुळे ती भर कापडाचीच आहे.

गेल्या वर्षी मुलीकडे लंडनला गेले असताना टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात डो हो सू या कोरियन कलावंताचं प्रदर्शन पाहिलं. 1962 साली सोलमध्ये जन्मलेला हा माणूस 1991 मध्ये शिकायला अमेरिकेत गेला आणि पुढे लंडनला स्थायिक झाला. ज्या ज्या घरांत तो राहिला, त्यांची मापं घेऊन तो ती कापडात शिवतो. लहान करून नव्हे, जेवढ्यास तेवढी. 1999 साली त्याने आईवडिलांचं सोलमधलं पारंपरिक घर रेशमी कापडात शिवलं. त्यासाठी कोरियातल्या जुन्या पद्धतीचे कपडे शिवणाऱ्या बायकांकडून तो शिवण शिकला. ते घर घडी घालून बॅगेत नेता येतं आणि नव्या शहरात छताला टांगता येतं. कपडा म्हणजे माणसाचं सगळ्यात लहान घर, असं तो मानतो. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

टेटमध्ये सोल, न्यूयॉर्क, बर्लिन, लंडन इथल्या घरांतल्या खोल्या आणि बोळ एकाला एक जोडून उभे केले होते, प्रत्येकाचा रंग वेगळा. त्यातून चालत जायचं. मी अर्थातच आधी शिवण पाहिली. कापड आरपार दिसणारं, त्यामुळे शिवणीला सोडलेली माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेलं जादा कापड, कुठेच लपत नाही. जिथे कापड दुमडलं तिथे ते दुहेरी होतं, रंग गडद होतो, आणि ती गडद रेघच दाराची चौकट बनते. आपण कपड्यात जे आत दडवतो, त्यानेच इथे घराचं चित्र काढलं आहे. ही युक्ती पाहून मी बराच वेळ एकाच कोपऱ्यात उभी होते. दाराची मूठ, कडी, फ्यूजची पेटी, सगळं शिवलेलं, कोपरे न चुकता वळवलेले.

दुसऱ्या एका दालनात त्याच्या लंडनच्या घराचा पांढुरका आराखडा उभा होता. त्याच्या भिंतींवर निरनिराळ्या शहरांतल्या घरांची दिव्यांची बटणं, सॉकेट, दारांच्या मुठी मूळच्या उंचीवर बसवल्या होत्या. एक बटण खांद्याशी, दुसरं कोपराशी. तिथे शिरल्यावर हात आपोआप उचलला जातो. अंधारात बटण शोधणाऱ्या हाताला घराची उंची पाठ असते, ती नकाशा वाचून येत नाही. आधीच्या कापडी घरांतल्या अरुंद बोळात लोक न सांगता अंग चोरून चालत होते, समोरून कुणी आलं तर भिंतीकडे वळत होते, आणि पलीकडच्या खोलीतली माणसं भिंतीतून दिसत होती. चाळीत राहिलेल्या माणसाला ही चाल ओळखीची वाटेल.

याच कलावंताने पूर्व लंडनमधली रॉबिन हूड गार्डन्स ही 1972 ची मोठी वसाहत पाडली जात असताना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी तिच्यावर एक फिल्म केली. संग्रहालयाने त्या इमारतीचा एक तुकडाही जपून ठेवला. ती सामान्य लोकांच्या भाड्याच्या घरांची वसाहत होती. आपल्याकडे बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या, म्हणजे तिच्याहून कितीतरी जुन्या. आणि त्यांत राहणाऱ्या कित्येकांनी गिरण्यांत जन्मभर कापडच विणलं. त्यांची खोली कापडात उतरवण्याइतकं रास्त मला दुसरं काही सुचत नाही.

हिशेबही करून पाहिला. खोली दहा बाय सोळाची आणि उंची दहा फूट धरली, तर चार भिंती आणि छत मिळून 680 चौरस फूट होतात. 44 इंच पन्ह्याचं, म्हणजे तेवढ्या रुंदीचं, सुती कापड माया धरून 60 ते 65 मीटर लागेल. हा काही कोट्यवधींचा प्रकल्प नाही. मात्र मापं बिल्डरच्या नकाशावरून घेऊन चालणार नाही. मोरीचा कट्टा किती उंच, फळी कुठल्या हाताला, माळ्यावर झोपणाऱ्या पोराच्या डोक्यावर किती जागा उरते, दार उघडल्यावर आत नेमक्या किती माणसांना उभं राहता येतं, हे खोलीत राहिलेल्या बाईलाच विचारावं लागेल आणि तिच्यादेखत टेप लावावी लागेल. खोली रिकामी झाल्यावर हे कळणार नाही.

म्हणून आपल्या पत्राद्वारे विनंती अशी की, वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या ज्या इमारतींतून अजून लोक हललेले नाहीत, तिथल्या एखाद्या कुटुंबाने आपली खोली मोजू द्यावी. बेतायला आणि शिवायला माझ्या जुन्या विद्यार्थिनी तयार आहेत, मशीनही आमचीच. तयार झालेली खोली टांगायला पुरेसं उंच छत कुठल्या संग्रहालयात किंवा कलामहाविद्यालयात मिळेल, हे जाणकार वाचकांनी आपल्याकडे कळवावं.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई